पाचानंतर तीन

आमच्या बंदरात मासळीचा लिलाव वरून खाली येतो.
तारली असेल तर दहापासून सुरू करायचं
आणि पायरी पायरीनं उतरायचं, नऊ, आठ, सात,
ज्याला परवडेल तो हात वर करतो
आणि पेटी त्याची.
आकडे पुकारते ती मी, साबेला.
बावीस वर्षं.

आमच्या गालिसियाच्या भाषेत चारला म्हणतात कात्रो.
तो 'क' माझ्या टाळ्याला चिकटतो,
ओहोटीच्या खडकाला कालव चिकटावं तसा,
चाकू घातल्याशिवाय सुटत नाही.
शाळेत बाईंनी विचारलं होतं,
तुझ्या वडिलांची होडी कोणती गं?
होडीचं नाव होतं कार्मे.
मी म्हटलं, निळी.

तर लिलावातही मी वाट काढली.
पाच, मग तीन.
मधला आकडा खोकल्यात गिळायचे,
नाहीतर पेटीवरचा बर्फ सारायचे उगाच.
बारा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही,
असं मला वाटायचं.
लपवण्यात इतकी तरबेज झाले होते
की त्यालाच मी हुशारी म्हणत होते.

मग एका पहाटे एलादिओ आला,
अंगाला डिझेलचा वास,
खिशातून वही काढली, भिजून फुगलेली.
पानावर बोट ठेवून म्हणाला, हे बघ,
फेब्रुवारीत सहा पेट्या तीनला गेल्या.
चारला हात वर झाला असता.
मार्चात अकरा.
आवाज चढला नाही त्याचा. दयाही नव्हती आवाजात.
(बरं झालं. दया असती तर मी रडले असते,
आणि तेवढ्यावर भागलं असतं.)
"पोरी, लाज तुझी आहे.
तिचे पैसे माझ्या जाळ्यातून कापू नकोस."

त्या रात्री आरशासमोर उभी राहून
सराव केला का मी?
नाही. बटाटे सोलले. झोपले.

सकाळी पहिल्या पेट्या त्याच्याच.
सात. सहा. पाच.
आणि थांबले.

क.

क, क.

पेट्यांखाली बर्फाचं पाणी ठिबकत होतं.
पत्र्यावर एक समुद्रपक्षी चालत होता,
त्याची नखंसुद्धा ऐकू येत होती.
मागे कुणीतरी हसलं.
कोरुन्याचा एक व्यापारी, भला माणूस,
माझ्या वतीनं म्हणाला, चार.
मी हात आडवा केला:
थांबा, तो माझा आहे.
तोंड वाकडं झालं असणार, मानेची शीर वर आली असणार.
अशा वेळी एक डोळा मिटतो माझा, मला ठाऊक आहे.
मिटू दिला.

कात्रो.

एक हात वर झाला.
टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
पुढची पेटी आली
आणि तिच्याही वाटेत चार होताच.

त्याला आता दहा वर्षं झाली. अडखळणं गेलेलं नाही.
थंडीत जास्त. झोप झाली नसेल तर फारच.
चारवर थांबा असतो, हे बंदरात सगळ्यांना माहीत आहे,
तेवढ्यात कुणी सिगारेट पेटवतो,
कुणी कॉफीचा उरलेला घोट संपवतो.
नवी पोरं माझी नक्कल करतात.
एकाला तर फार छान जमते.
त्याला मी बोलावून सांगितलं,
डोळा उजवा मिटतो रे, डावा नाही.

या हिवाळ्यात वडिलांची होडी मोडीत काढायची ठरली.
वीगोच्या कार्यालयात फोन लावला.
होडीचं नाव सांगा, पलीकडून आवाज आला.
क, म्हटलं मी. क. क.
त्याला वाटलं, लाइन खराब आहे.
ठेवून दिला फोन.

खिडकीतून ती दिसत होती,
चिखलात कलंडलेली,
रंगाचे पोपडे निघालेले, तरी अजून निळी.

मी पुन्हा लावला.