खालचं वाचता येईल अशी रेघ

सोहारच्या पाणी-कारखान्यात माझी रात्रपाळी.
तासातासाला वहीत आकडे मांडायचे,
समुद्र आत शिरताना किती खारट,
नळाला जाताना किती.
चुकलेला आकडा खोडायचा नाही, हा इथला नियम.
त्यावर एकच आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी,
आणि बाजूला सही.

आज डब्याच्या पिशवीत केतकीची गुणपत्रकं आहेत.
नववी, एकोणसाठ टक्के.
दहावी, अडुसष्ट.
अकरावी, एक्याऐंशी.
बारावीच्या सहामाहीला नव्वदला दोन कमी.
कॅनडातल्या विद्यापीठाला चारही वर्षं हवीत.
"नववीचं हरवलं म्हणू या का, बाबा?"
तिनं विचारलं ताटाकडे बघत,
आणि सोलकढीची वाटी नुसतीच फिरवत राहिली.

नववी म्हणजे काय ते मला विचारा.
आधीची कंपनी बुडाली, आमचे पाच पगार पोटात घेऊन.
बायको मस्कतला, परक्यांची मुलं सांभाळायला,
घरी यायची फक्त शुक्रवारी.
मी दिवसभर कुणाकुणाच्या दारात बायोडेटा घेऊन.
फी थकलेल्यांची यादी वर्गात मोठ्यानं वाचली जायची
आणि तोडणकर हे आडनाव त्यात एकटंच मराठी.
चौदा वर्षांची पोर कुकर लावून
शिट्ट्यांच्या मधे बीजगणित सोडवायची.
एकोणसाठ.
त्या कागदावर सही करताना मी म्हणालो होतो,
"लाज नाही वाटत?"
हे वाक्य गुणपत्रकात कुठल्याच रकान्यात नाही.

शाळेतल्या लिसम्मा मॅडम स्पष्ट बोलतात.
"चार वर्षं वरच राहिलेली मुलगी
आणि खालून वर आलेली ही,
खुर्ची एकच असेल तर काय होईल,
मी खोटं सांगणार नाही.
पण नव्वदवरून घसरत अठ्ठ्याऐंशीला आलेला मुलगा
आणि एकोणसाठवरून चढत आलेली ही,
यांत हिचा कागद ते दोनदा वाचतात.
आकडा बघतात, चढही बघतात.
फक्त मधलं वर्ष लपवू नका.
पायरी काढून घेतली तर जिना कसा दिसेल?"

रात्री दोन वाजता खमीस चहा घेऊन आला,
चष्मा वर सारून चारही कागद
पंपाच्या झाकणावर ओळीनं लावले.
बोट फिरवत गेला, एकोणसाठ, अडुसष्ट...
"शुवै शुवै," म्हणाला, आणि हसला.
"पहिल्याच गाळणीत पाणी गोड झालं
तर तू काय करतोस?"
मी म्हणालो, मीटर बिघडलाय का बघतो.
"मग?"
आणि कप घेऊन निघून गेला.

पाचचा आकडा लिहिला. पाळी संपली.
घरी दिवा चालूच,
अर्ज अर्धा भरून केतकी टेबलावरच डोकं टेकून झोपलेली.
"काही सांगायचं असल्यास" अशी एक चौकट होती.
लांबलचक काहीतरी लिहून तिनं सगळं काट मारून टाकलं होतं,
इतकं गिरवून की कागद फाटायचा राहिला.
खाली एकच ओळ ठेवली होती, इंग्रजीत,
नववीत मी स्वयंपाक शिकले, अभ्यास नंतर.

कंपनीचं नाव नाही. फीची यादी नाही.
माझं ते वाक्यही नाही.

उत्तर मार्चपर्यंत येईल म्हणतात,
कदाचित एप्रिल.
पालकांच्या सहीची जागा कोरी होती.
मी पिशवीतून नववीचं पत्रक काढलं,
सगळ्यांत वर ठेवलं,
आणि सही केली, या खेपेला गप्प राहून.
तिला जाग आली. "किती वाजले?"
म्हटलं, झोप अजून.
आज भात मी लावतो.