दगडापेक्षा

"खोल श्वास घ्या, मिस्टर यानुझी. आता फुंका.
फुंका, फुंका, अजून, संपेपर्यंत!"
दिवसातून चौदा वेळा मी हे ओरडते
बेडफर्डच्या या खिडकी न उघडणाऱ्या खोलीत.
पडद्यावरची रेघ चढते
आणि अर्ध्या टेकडीवरच बसकण मारते.

मग खोकला. मी घड्याळाकडे बघत नाही.
मग ते रुमालाची घडी घालतात,
कडेला कड जुळवून,
जणू तिच्यावर दुसरी रचायची आहे.

सत्तावन्न साली मोलिझेच्या डोंगरातून आले.
तिथं शेतात दगडच पिकायचे.
आमच्यात म्हणतात, दगडापेक्षा वीट मऊ, मी सांगते.
"मऊ?" ते तळहात उलटे करून दाखवतात.
"भट्टीत शिरायचं तर बूट करपायचे, सिन्योरा.
मऊ म्हणे."
वीट आला नाही का कधी,
हे मला इंग्रजीत नीट विचारता येत नाही.

इथली माती स्वतःच जळायची.
कधीकाळी समुद्र होता इथं, त्याचा गाळ,
शिंपल्यांची, माशांची चरबी मुरलेला.
कोळसा नावापुरता. एकदा धग लागली
की आपल्याच तेलात भाजून निघायची.
आणि तो सगळा मेलेला समुद्र
धुराड्यातून वर जाऊन
सडक्या अंड्यांच्या वासानं गावावर उतरायचा.
अस्सुंता वारा बघून धुणं वाळत घालायची.
घरात त्या वासाला कुणी नावं ठेवली नाहीत.
शुक्रवारी पगार असायचा.

ओडेलच्या कुरणात गाई गुडघे टेकून चरायला लागल्या.
"आम्हाला वाटलं, इंग्लिश गाई, चर्चला जात असतील."
डॉक्टर आला, जबडे उघडले,
दात झिजलेले, खडूसारखे, डागाळलेले.
गवतावर धुरातलं फ्लोराइड बसत होतं.
गाईंचे कागद झाले, नमुने लंडनला गेले.
"आमच्या तोंडात कुणी बोट घातलं नाही.
आमचे दात तर तसेही वाईट."

आता धुराडी पाडलीत.
खाणीत पाणी भरलंय, शनिवारी शिडाच्या होड्या.
मीही चालायला जाते तिथं, खोटं कशाला बोलू,
छान वाटतं.

माझं घर त्याच विटांचं.
मार्चमध्ये स्वयंपाकघराची भिंत फोडली,
तेव्हा एक अख्खी निघाली, गुलाबीसर,
कडेला अंगठ्याचा ठसा.
आज पिशवीतून आणली होती. का, ते माहीत नाही.
तपासणी झाल्यावर टेबलावर ठेवली.

त्यांनी ठशाकडे पाहिलंच नाही.
उचलून वजन घेतलं, नाकाशी नेली,
"नाक केव्हाच गेलं," म्हणाले,
आणि बोटाच्या पेरानं वाजवून
कान दिला.
"चांगली भाजलीय. ऐका, खणखणते."
मग त्याच पेरानं
स्वेटरवरून छातीवर टकटक केलं,
पुन्हा कान दिला,
"बद्द," या अर्थाचं काहीतरी बोलले
आणि हसले.

मी आकडे भरले. एक पूर्णांक एक लिटर.
वीट तिथंच राहिली, उघड्या दाराला
टेकण म्हणून.