लाँग शॉट

आमच्या घोड्याचं नाव हलवा.
काळा, तुकतुकीत, जाळ्यातून आत्ताच काढल्यासारखा,
म्हणून माझ्या बहिणीने ठेवलेलं.
सिनेमात तो ‘तुफान’ झाला.
कपाळावर पांढरा तारा रंगवला त्याच्या,
म्हणाले, काळ्यावर काहीतरी उठून दिसायला हवं.

गोष्ट चांगली होती, खोटं कशाला बोलू.
शहरातली मुलगी, आई नसलेली,
मुरुडला मामाकडे येते, कुणाशी बोलत नाही,
घोड्याशी बोलते.
फक्त हलवा जवळ आला की ती रडायची.
वाईट नव्हती पोर, डब्यातला शिरा हाजराला द्यायची.
पण त्याच्या पाठीवर बसणं
तिच्याच्याने होईना.

मग बसली माझी हाजरा.
अकरा वर्षांची, चौथीपासून बिनखोगीर पळवणारी.
मेकअपवाल्या बाईंनी तिचे केस
तेल चोपडून चोपडून टोपाखाली कोंबले.
(आमचे केस कोंबून राहत नाहीत,
पुन्हा वर येतात.)
मग हातांना, मानेला, पोटऱ्यांना
गव्हाळ रंगाचा थर.
दिग्दर्शक म्हणाले, लांबून कळत नाही.
मीही म्हणालो, लांबून कळत नाही.
दिवसाचे अडीच हजार तिचे.
घोड्याचे वेगळे. घोड्याचे जास्त.

चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं,
“तुम्ही मूळचे कुठले?”
म्हटलं, बाजाराच्या मागे, मशिदीच्या गल्लीतले.
हसले.
“नाही, म्हणजे मूळचे?”
मी जंजिऱ्याकडे बोट दाखवलं
आणि घोड्याला पाणी पाजायला उठलो.

सिनेमा शाळेच्या पटांगणात लावला, पांढऱ्या चादरीवर.
गावातला म्हणून एकच माणूस त्यात,
दारू प्यालेला कोळी,
आणि तोही मालवणी बोलणारा.
धाकू बैले उठून ओरडला,
“आरं, यो मालवणशी पवत आयला काय!”
पटांगण फुटलं हसून.

मग घोडा सुटला. पाणी उडालं.
मुलगी पुढे वाकलेली, टाच आत, डावं कोपर बाहेर.
पोरं किंचाळली, “हाजरा! हाजरा!”
लगेच जवळून गोरा चेहरा, घाम पुसणारा.
पोरं गप्प.
पुन्हा लांबून. पुन्हा “हाजरा!”
असं दीड तास.

ती माझ्या मांडीशी बसून शेंगा सोलत होती.
एकदाच बोलली,
“अब्बा, हलवा बघ कुठे बघतोय.”
शेवट होता. मुलगी त्याच्या गळ्यात पडलेली,
मामा रडतोय, व्हायोलिनं चढलेली,
आणि हलवा मान वळवून, कान टवकारून
चादरीच्या डाव्या काठाबाहेर बघतोय.
पुढच्या बाई हळहळल्या,
समुद्राकडे बघतोय बिचारा.
समुद्र उजवीकडे होता.
डावीकडे, त्या दिवशी,
हाजरा उभी होती गूळ घेऊन.

तारा महिनाभर गेला नाही, रॉकेलनेही.
आता पाहुणे विचारत येतात, तुफान कुठला?
आपलं पोर पाठीवर बसवतात,
मोबाइल हाजराच्या हातात देतात.
“बेटा, आमचा एक काढ ना.”
ती काढते. चांगले काढते.
उन्हं कलली की तिच्या पाठीमागून येतात,
सावली वाळूवरून लांबत लांबत
घोड्याच्या खुरांपर्यंत जाते,
केस मोकळे, सगळे वर आलेले.
“जरा बाजूला हो, तुझी सावली येतेय.”
“येऊ दे,” म्हणते,
आणि बटण दाबते.