तीन निळे, एक पिवळा

रात्रीचे दोन वाजून गेलेत.
थंडर बे, उणे एकतीस.
बर्फ ओढणारे सहा ट्रक रस्त्यांवर सोडून
मी कंट्रोल रूममध्ये एकटी.
समोर रेडिओ, थर्मासमधली कोमट कॉफी,
आणि फोनवर सोळा शब्द.

सोळा शब्दांचे चार गट लावायचे.
सोपा गट पिवळा, मग हिरवा, मग निळा,
आणि जांभळा म्हणजे
कोडं रचणाऱ्यानं मुद्दाम काढलेली खोडी.
चौथी चूक झाली की खेळ संपला.

व्हाइटहॉर्समध्ये आत्ता कुठे मध्यरात्र उलटली.
रौनो, माझा भाऊ, कोडं उघडून बसला असेल.
मग तो त्याचे चौकोन पाठवेल,
नुसते रंगीत चौकोन, शब्द एकही नाही.
तीन वर्षं आमचं बोलणं एवढंच.

पण चौकोन चुगल्या करतात.
जांभळी ओळ सगळ्यात वर असली
की समजावं, स्वारी खुशीत आहे.
हरला, तर गुडघा दुखतोय,
किंवा मार्च लागलाय,
आई गेली तो महिना.
एकदा दोन दिवस काहीच आलं नाही.
मी तिकडच्या हॉस्पिटलचा नंबर शोधून ठेवला.
लावला नाही.
तिसऱ्या दिवशी चार ओळी, बिनचूक,
जसं काही झालंच नव्हतं.

पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही,
असं म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी आमचं तळं पाहिलेलं नाही.
डिसेंबरपासून तिथे काठी नाही, कुऱ्हाड लागते,
आणि भेग पडली की तिचा आवाज
या काठावरून त्या काठापर्यंत पळत जातो.
त्या तळ्याकाठी वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्या,
मागे सौना.
विकू नकोस, म्हणाला रौनो.
मी विकल्या.
छपरावरचा बर्फ कोण उतरवणार होतं?
तो? चार हजार किलोमीटरवरून?
कागदावर सही दोघांची आहे.
पेन माझं होतं.

तर आजचे शब्द.
कॉटेज, बंगला, व्हिला.
हे तर शेंबडं पोरही सांगेल.
चौथा मी न बघताच दाबला:
कॅम्प.

चूक.

चौथा लॉज होता.
कॅम्प बसला होता पलीकडे
बॅज, गाठ आणि शपथ यांच्या पंगतीत,
स्काउटच्या पोरांमध्ये.
कोडं रचणारा इकडचा नसणार.
इकडे कॅम्प म्हणजे तंबू नाही, शेकोटी नाही.
कॅम्प म्हणजे तळ्याकाठचं घर,
पडदे असलेलं, नळ गोठणारं,
जिथे सौनाच्या वरच्या फळीवर
कोण जास्त वेळ टिकतं या पैजेत
रौनोची पाठ भाजली होती
आणि मी जिंकले होते.
शुक्रवारी शाळा सुटली की
वडील गाडीची काच खाली करून
एकच शब्द बोलायचे.
तोच शब्द मी आज चुकीच्या घरात ठेवला.

बाकीचं पटापट सुटलं.
शेवटचा जांभळा गट तर आपोआप:
उरलेले चार, ज्यांना दुसरीकडे कुठे
जागाच नव्हती.
त्यांचं एकमेकांशी काय नातं,
मला अजून कळलेलं नाही.

दोन वाजून एकवीस मिनिटं. फोन थरथरला.
पहिली ओळ:
निळा, निळा, निळा, पिवळा.

मी माझी पहिली ओळ शेजारी धरली.
निळा, निळा, निळा, पिवळा.

मान्य, चौकोनावर शब्द लिहिलेला नसतो.
पिवळे चार होते, त्यातला कुठलाही असेल.
पण बॅजमध्ये कोण राहतं?
शपथेच्या छपरावरून
कोण बर्फ उतरवतं?

रेडिओ खरखरला. डेलबर्ट, चार नंबरचा ट्रक:
हेल्वी, आर्थर स्ट्रीट झाली. आता कुठे?

थांब जरा, मी म्हटलं.
एक ओळ वाचतेय.