आठ मोजेपर्यंत

नोटीस बोर्डावर लिहिलं होतं:
चिअर संघ, निवड चाचणी, शनिवार, सकाळी साडेसात.
अनुभवाची गरज नाही.
ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली
आणि कुणी बघायच्या आत
लायब्ररीत जाऊन बसले.

हातात सतरा दिवस.
गच्चीवर सकाळी सहाला,
कारण आठनंतर फरशी पाय भाजते.
वाळत घातलेल्या टॉवेलांच्या दोन रांगांमध्ये
मी हात वर करून उभी राहते.
दंड कानाला लागून, मनगट मोडायचं नाही,
असं मिसबाह म्हणते.
तिला मावसबहिणीनं सांगितलं,
मावसबहिणीला कुणी, देव जाणे.

एक दोन तीन चार
पाच सहा सात आठ.
खाली नान्नांचा माग सुरू.
त्याचं मोजणं निराळं,
खटक खट, खटक खट, दोनातच संपतं,
आणि मला आठ लागतात.
चार दिवस आमचं जमेना.
पाचव्या दिवशी त्याचे चार फेरे धरून
माझा एक आठ बरोब्बर बसला,
तेवढ्यात लाईट गेली.

अम्मा विड्यांचं सूप मांडीवर घेऊन जिन्यात.
बोटं वळतायत, डोळे माझ्यावर.
"काय करालीस गं? कुणाला हाका मारालीस?"
काय सांगू तिला.
दुसरे खेळतात, अम्मा,
आपण कडेला उभं राहून ओरडायचं,
उड्या मारायच्या, हसायचं.
"हसायचं? किती वेळ?"
शेवटपर्यंत.
"हरले तरी?"
हरले तरी.
तिनं विडीला दोरा गुंडाळला, टोक दुमडलं.
"मग हे काम आहे की. खेळ कुठला."

दुकानातले झुपके साडेचारशेला जोडी.
मी कारखान्यातलं टाकाऊ सूत आणलं,
रंग फुटला म्हणून परत आलेल्या चादरींचं,
नारिंगी आणि पोपटी.
कंगव्यानं विंचरलं, रबरानं बांधलं.
हलवले तर सळसळ नाही काही नाही,
भिजलेल्या कोंबड्या धरल्यासारखं दिसतं.
मिसबाह हसून हसून खाली बसली.
घामानं रंग तळहातावर उतरला,
त्या दिवशीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी
मी नारिंगी हातांनी खाल्ली.

आवाजाचं मात्र अवघड.
वर्गात हजेरीला मी दोनदा "हजर" म्हणते,
तरी कधी कधी गैरहजरच लागते.
म्हणून संध्याकाळी कंबर तलावावर गेलो.
पहिला ओरडा घशातच राहिला.
दुसऱ्याला पाणकोंबड्या उडाल्या.
तिसऱ्याला भेळवाला धावत आला,
"काय झालं ताई, कोण पडलं काय?"

गुरुवारी सुप्रभा हत्तुरेनं बोलावलं, ती मागच्या वर्षीची.
माझे खांदे दाबून पाहिले,
मनगटं पाहिली, उचललेल्या घागरींनी झालेली.
"तू खालची. तुझ्यावर उभं राहता येईल."
छान बोलली असेल ती.
पण मी सतरा दिवस
मनातल्या मनात वरच होते,
कुणीतरी मला उडवतंय, कुणीतरी झेलतंय.
घरी येईपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड.

शुक्रवारी मिसबाह माझ्या मांडीवर चढली,
मग खांद्यावर, माझे केस ओढत, अल्ला अल्ला करत.
तिचं सगळं वजन टाचांतून माझ्यात उतरलं
आणि मी, आश्चर्य म्हणजे, हलले नाही.
"काय दिसतं गं वरून?"
"मिलची चिमणी. तुमची टाकी. टाकीवर एक चप्पल."
खालचीनं फक्त वरचीकडे बघायचं असतं,
म्हणून मला दिसली तिची हनुवटी
आणि हनुवटीखालचा तीळ,
जो तिला स्वतःलाही माहीत नव्हता.
पाच, सहा, सात.
आठाला ती घाबरून माझ्या गळ्यात.

उद्या साडेसात.
बूट चुलतभावाचे, एक नंबर मोठे,
पुढे सूत कोंबलंय.
रात्री पाणी प्यायला उठले
तर सुपाशेजारी अम्माचे दोन बोळे ठेवलेले,
माझ्यापेक्षा घट्ट वळलेले,
न विचारता.