इझेनचं क्रियापद

तिसऱ्याच ओळीला मराठी अडून बसली.

ओथ्रा नावाच्या चंद्रावर
दर मोठ्या भरतीला माणसं अंग बदलतात,
जुनं शिंपल्यांच्या ढिगावर ठेवून देतात.
इझेनचं हे चौथं अंग.
आधीच्या तिन्हींत कोण काय होतं
ते लेखिकेने तीनशे बारा पानांत कुठेच सांगितलेलं नाही,
आणि गोष्ट सगळी इझेनच्या तोंडून.

मी बंदरावर आलो.
मी बंदरावर आले.
दोन्ही खोडलं.

"आलो करून टाका हो," पुण्याहून उपासनीबाई,
"वाचकाला सवय असते.
व्याकरणातसुद्धा बोलणाऱ्याला म्हणतात काय?
प्रथम पुरुष."
आणि स्वतःच हसल्या, जरा वेळ.

रायबंदरच्या धक्क्यावर, चोडणच्या फेरीची वाट बघताना
मांडीवरच्या कागदांत एक फट सापडली:
मी बंदर पाहिलं. मी मीठ चाखलं.
मी दार वाजवलं, दोनदा.
अशा वाक्यात क्रियापद वस्तूकडे तोंड करून उभं राहतं,
माणसाकडे पाठ.
तेव्हापासून इझेनला पाहता येतं, ऐकता येतं,
चोरी करता येते, एकदा तर खूनही.
फक्त येता येत नाही.
जाता, बसता, दमता येत नाही.

चौकीवरचा अधिकारी विचारतो, तूच इझेन कशावरून?
आंधळी आई आतून म्हणते,
खोकून दाखव.

त्या खोकल्यानंतर जे होतं
तिथे माझे नऊ दिवस गेले.
दहाव्या दिवशी लिहिलं: मला रडू आलं.
रडू नपुंसकलिंगी. कुणालाही येतं.

फेरीवर पिएदाद माय हाका मारत होती,
"तें खंय गेलें?"
तें म्हणजे डेल्फिना, नात, वय एकोणीस,
लाल स्कूटरच्या आड, कपाळावर हेल्मेटचा वळ.
आमच्या कोकणीत मुलगी बराच काळ 'तें' असते.
कोणी घाईने तिचं काही ठरवत नाही,
निदान व्याकरण तरी.

घरात मी कोकणी, छापून मराठी,
पणजोबांच्या जमिनीच्या कागदांवर पोर्तुगीज,
आडनावाचं शेपूट तिन्हीकडे वेगळं.
या नदीवरून देवसुद्धा पलीकडे गेलेत,
रात्री, होडीतून, कांबळ्यात गुंडाळलेले.
नव्या गावात जुन्याच नावाने बसले.
त्यांना कोणी खोकायला लावलं नाही.

दोनशे चाळिसाव्या पानावर, उशिराच,
शाळेत घोकलेलं पहिल्यांदा दिसलं:
मी जाईन. मी येईन.
मी दमेन. मी मरेन.
भविष्यकाळात मराठी विचारतच नाही, कोण.
एवढा एक काळ तिने उघडा ठेवलाय,
आणि मी भूतकाळाच्या भिंतीत फटी शोधण्यात
अख्खा पावसाळा घालवला.

शेवटचं पान. आईचा उंबरा.
पाचवं अंग तिकडे भरतीत तयार.
मुळात निरोपाचा एकच शब्द.
मी लिहिलं, येईन.

काल उपासनीबाईंचा फोन. पुस्तक छापायला गेलं.
"आता तरी सांगा, इझेन नक्की कोण?
तुम्हाला माहीत असणारच."

खारफुटीला घासत फेरी लागत होती,
लोखंडी फळी खाली येत होती, स्कूटरी सुरू झालेल्या,
घाईत तोंडातून घरचाच शब्द गेला,
निघताना बापय असो, बायल असो, सगळीं म्हणतात तो:
"येतां हं."

"येता?" पलीकडून बाई.
"कुठे येता?"