आगाऊ पट्टी

लाँगटनमध्ये बाटलीच्या आकाराच्या जुन्या भट्ट्या
आता नुसत्या उभ्या आहेत. पोटात कबुतरं.
त्यांच्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझी भट्टी, विजेची,
कपाटाएवढी, निमूट.
आणि शेजारी मी, पडद्यावर तिचं भविष्य मांडत.

ॲल्युमिनाची भुकटी मैद्याहून मऊ.
दाबली की वडी होते, पण भरवशाची नाही;
शंभरातले त्रेचाळीस भाग नुसती हवा.
मग सोळाशे अंश. काहीच वितळत नाही.
कण कणाला टेकतो तिथे एक मान उगवते,
बारीक, मग जाड,
आणि मधली पोकळी काठाकाठाने
चोरपावलांनी निघून जाते.
वजन तेवढंच. माप सतरा टक्क्यांनी कमी.

हे मी समीकरणात लिहिते:
तापमान, वेळ, कणाचा आकार,
सीमेवरून सरकणाऱ्या अणूंची घाई.
चारशे वेळा चालवलं. रेघ सुंदर आली.

तबकडी वाकडी आली.
वरचा काठ आत, खालचा पसरलेला,
बुडाला केसाएवढी चीर.
तिसऱ्यांदा.

क्लिफर्ड ब्लूर, साचेवाला, वय एकोणऐंशी,
गुरुवारी चहाला येतो, कुणी बोलावलेलं नसतं.
खिशात पितळी पट्टी,
तिचा फूट खऱ्या फुटाहून दीड इंच लांब.
"आटणं हिच्यात आधीच धरलंय.
आज मोठं मोजायचं, उद्या बरोबर भरतं."
खोटी पट्टी, मी म्हणाले.
"नाही, डक." (इथे मायेने सगळ्यांना बदकच म्हणतात.)
पुढचा शब्द त्याचा वेगळा होता;
मराठीत तो मी आगाऊ केला.

तबकडी उलटी करून त्याने चिरेवर अंगठा फिरवला.
"कशावर ठेवली होतीस?"
फरशीवर. भाजलेल्या, पक्क्या.
"ती हलत नाही. हिला आत यायचंय.
बूड धरून ठेवलं तर फाटणारच."

माझ्या समीकरणात तबकडी अधांतरी होती.
घर्षण शून्य, असं मीच लिहिलं होतं,
पहिल्या पानावर, सवयीने.

मग त्याच भुकटीची एक पातळ चकती, कच्ची,
खाली घातली. मध्ये चिमूटभर जाड रवा,
चिकटू नयेत म्हणून.
दोघी बरोबरीने आटल्या, पावलाला पाऊल.
मंगळवारी दार उघडलं:
वरची सपाट, गुळगुळीत, वाजवली तर घंटा.
खालची वेडीवाकडी. चीर तिने घेतली.

"ती टाकून दे. एकदाच चालते."

टाकली नाही. खिडकीत आता अशा नऊ आहेत,
एकीवर कप ठेवते, एकीत सुट्टी नाणी.
अहवालात त्यांना रकाना नाही;
घर्षणाचा गुणांक तेवढा आला, शून्य पूर्णांक सहा.

क्लिफर्डने चांगली तबकडी हातात घेतली,
सवयीने पट्टी लावली, मान हलवली,
पट्टी परत खिशात घातली
आणि माझी प्लास्टिकची मागितली.
भाजून झालेलं काही
त्याच्या पट्टीला मोजता येत नाही.